बशी उलटी करून बघा

पत्र थोडक्यात असं:

पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत. सरकारी कार्यालयात नोकरी, आणि नागपुरात मानेवाड्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. चार वर्षांपूर्वी महाल भागातला एक वाडा पाडत होते. तिथलं सामान कबाड्याच्या हातगाडीवरून चाललं होतं, त्यातून त्यांनी ३० रुपयांना चिनी मातीचा एक सट (झाकणाचं छोटं भांडं) उचलला. तेव्हापासून बरण्या, कपबशा, मीठदाण्या, शाईच्या दौती, चिमुकले प्राणी असं करत करत आज दोनेकशे नग झाले आहेत. दिवाण भरला, माळा भरला, आता मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली खोकी आहेत. सासूबाईंचं म्हणणं, तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये, आणि ही तर मेलेल्या माणसांच्या घरची भांडी. नवरा काही बोलत नाही, पण मध्यंतरी २,८०० रुपयांच्या एका किटलीची पावती त्याच्या हाती लागली, तेव्हापासून घरात ताण आहे. एका व्यापाऱ्याने फोटो पाहून सगळ्याचे मिळून ४०,००० देतो म्हटलंय, पण एकही नग मागे ठेवायचा नाही या अटीवर. त्या विचारतात, "विकून मोकळी होऊ का? हल्ली पूर्वीसारखा आनंदही होत नाही. वस्तू दिसली की आधी मोबाइलवर तिची किंमत शोधते."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि ओळी मोजल्या. व्यापाऱ्याला तुम्ही पाच ओळी दिल्यात, नवऱ्याला आठ, सासूबाईंना जरा जास्त. आणि निळ्या नक्षीच्या त्या एकट्या बशीला, जिचा कप कधीच गेला, पाऊण पान. तिच्यावरचा पूल, पुलावरची तीन माणसं, वरचे दोन पक्षी, काठाला एका जागी नक्षी जुळत नाही म्हणून तुम्हाला लागलेली चुटपुट, सगळं आलंय. ज्या बाईला आनंद होत नाही ती बशीच्या काठावर पाऊण पान लिहीत नाही.

म्हणून विकायचं की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवते. आधी मला 'दोनेकशे' या आकड्याशी भांडायचंय.

रात्री दिवे गेले आणि खोक्यात हात घातला, तर नुसत्या स्पर्शावरून यातल्या किती वस्तू तुम्हाला ओळखू येतील? माझा अंदाज चाळीस. फार तर पन्नास. उरलेल्या दीडशे तुम्ही का घेतल्यात ते मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच कारणाने घेतल्या होत्या. स्वस्त होत्या, कबाडी ओळखीचा झाला होता, "ताई, तुमच्यासाठीच ठेवलंय" म्हणाला तर नको म्हणवत नव्हतं. तुम्ही या सगळ्याला मिळून 'माझा संग्रह' म्हणता. माझ्या मते तुमच्याकडे एक संग्रह आहे आणि शेजारी एक ढीग आहे. दोघांना एकच नाव दिल्यामुळे 'सगळं ठेवू की सगळं विकू' असा प्रश्न उभा राहिला.

व्यापाऱ्याला हा फरक चांगला कळतो. एकही नग मागे नको, ही अट त्याने उगाच घातलेली नाही. फोटोत त्याला चार-पाच वस्तू दिसल्या आहेत, ४०,००० त्यांचे आहेत, आणि त्या कोणत्या हे तुम्हाला कळू नये म्हणून बाकीचा ढीग तो आनंदाने उचलेल. त्याला वाईट म्हणत नाही मी, तो त्याचा धंदा आहे. तुम्ही एवढंच करा, प्रत्येक नगाचा वेगळा भाव विचारा. द्यायचं नसलं तरी विचारा. कुठे तो पटकन बोलतो आणि कुठे अडखळतो ते ऐकलं की निम्मं शिक्षण तिथेच होतं. आणि एखादी वस्तू खरोखर १०० वर्षांपेक्षा जुनी निघाली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती परदेशी विकायला पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. परदेशातलं गिऱ्हाईक दाखवून भाव चढवणारे भेटतात.

आता त्या बशीकडे येऊ. काठाची नक्षी जुळत नाही हा दोष नाही, तिच्या जन्माचा दाखला आहे. अशी नक्षी हाताने काढत नसत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, कागद भांड्यावर चिकटवून घासायचा, मग पाण्याने काढून टाकायचा आणि वरून झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, द्यायची. काठासाठी कागदाची लांब पट्टी कापावी लागे, आणि गोल फिरून आल्यावर तिची दोन टोकं क्वचितच नेमकी जुळत. हे काम करणाऱ्या कुणाच्या तरी कात्रीचा तो सांधा आहे. यंत्रावर छापलेल्या नव्या बशीत तो सापडायचा नाही. चित्राचीही गंमत आहे. पूल, विलोचं झाड, दोन पक्षी ही 'विलो' नक्षी दिसायला चिनी, पण जुळवली इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पळून गेलेल्या प्रेमिकांचे पक्षी झाले ही गोष्टसुद्धा इंग्रजांनी माल खपवायला मागाहून रचली. पुढे ही नक्षी इतक्या कारखान्यांनी काढली, जपानमध्येसुद्धा, की नुसत्या चित्रावरून वय ठरत नाही.

वय कळतं ते बुडाशी. बशी उलटी करा. नुसतं 'इंग्लंड' असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव लिहिणं भाग पडलं. 'मेड इन इंग्लंड' हे साधारणपणे विसाव्या शतकातलं. 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्यांच्या ताब्यातलं जपान, असं दिसलं तर दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची, १९५२ पर्यंतची थोडी वर्षं. आपल्याकडच्या घरांत ग्वाल्हेरचा, कलकत्त्याच्या बेंगाल पॉटरीजचा, मोरबीच्या परशुराम पॉटरीचा माल फिरला. काहीच शिक्का नसला तरी निराश होऊ नका. बुडाची कडा बघा, जिथे झिलई नसते आणि भांडं टेकतं. खरी जुनी कडा कुठे जास्त झिजते, कुठे कमी, चरे वेडेवाकडे असतात. एका प्रदर्शनात मी 'आजोबांच्या काळातली' म्हणून फुलदाणी घेतली होती. वरच्या बारीक भेगा छान तपकिरी, बूड मात्र पॉलिश पेपरने घासल्यासारखं सगळीकडून सारखं. घरी येऊन ओल्या कापसाने पुसली तर भेगांचा रंग कापसाला आला, वास चहाचा. १,२०० रुपये गेले. आजही ती फुलदाणी मी ठेवली आहे, शिक्षक म्हणून.

मोबाइलबद्दल. किंमत शोधण्यात पाप नाही, पण ती आधी शोधायची सवय लागली की डोळे काम करणं सोडतात. पहिला सट तुम्ही घेतला तेव्हा किंमत शोधली होती का? नाही, उन्हात उभं राहून झाकण नीट बसतं का ते बघितलं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून एक अट घालते: पुढचे तीन महिने खरेदी बंद, आणि दर रविवारी असलेल्यातले दहा नग बाहेर. प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल, कोमट पाणी, किंचित साबण, एका वेळी एकच नग. सोनेरी काठ घासायचा नाही. झिलईत बारीक रेषा असतील तर भिजत घालायचं नाही आणि ब्लीच तर मुळीच नाही. धुताना प्रत्येकाला टिचकी मारायची. अखंड असेल तर खणखणीत वाजतं. न दिसणारा तडा असेल तर आवाज बद्द येतो. साध्या मातीची जाड भांडी कमी भाजलेली असल्याने मुळातच बद्द वाजतात, त्यांना दोष देऊ नका. दहा नगांतले कोणते परत खोक्यात घालताना जिवावर येतं, ते वहीत लिहा. तोच तुमचा संग्रह.

ही वही मात्र जन्मभराची ठेवा. कुठे मिळालं, केवढ्याला, विकणारा काय म्हणाला, कोणत्या घरातून आलं. वाडे पडताहेत, बिल्डरचे फलक लागताहेत, आणि महाल-इतवारीच्या स्वयंपाकघरांत फडताळावर काय होतं हे फार कुणी लिहून ठेवत नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंनीच भरलेलं आहे. एका माणसाने त्या हौसेने गोळा केल्या. तुम्ही संग्रहालय काढा असं म्हणत नाही, दोन खोल्यांत कुठे काढणार! पण कोणत्या वाड्यातून आला ते ठाऊक असलेला ३० रुपयांचा सट आणि नुसता सट यांत मला मोठा फरक वाटतो.

आता सासूबाई. तुम्ही त्यांचं बोलणं अंधश्रद्धा म्हणून झटकलंय. मी त्यांच्या निम्म्या बाजूने आहे. तडा गेलेल्या भांड्यात अन्न ठेवू नये, हे अगदी बरोबर आहे. तड्यात ओल आणि मळ शिरतो, तो धुऊन निघत नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं. जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत आणि वरच्या रंगांत शिसं असू शकतं. लिंबू, चिंच, दही, लोणचं असल्या आंबट पदार्थांनी ते अन्नात उतरतं, आणि नुसतं बघून ते कळत नाही. त्यामुळे जुन्या रंगीत कपातून रोज चहा, जुन्या नक्षीदार वाडग्यात दही, हे नकोच, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती तर नकोच नको. लोणच्याच्या बरण्यांचं मूळ शहाणपण वेगळं होतं. ती दगडी माती बाराशे अंशांच्या आसपास भाजली की काचेसारखी घट्ट होते, मीठ-आंबट तिला खात नाही, म्हणून तर धातूऐवजी बरणी. तरीही कुठल्या भट्टीची, कुठल्या झिलईची हे माहीत नसलेली कबाड्याकडची बरणी शोभेला ठेवा आणि लोणच्याला नवी, अन्नासाठी म्हणून बनवलेली आणा. (आपल्याकडे बऱ्याच घरांत हिच्याच मोठ्या बहिणीला मर्तबान म्हणतात. ते ब्रह्मदेशातल्या एका बंदराचं नाव. तिथून मोठाले रांजण जहाजांनी जायचे, त्यांना बंदराचंच नाव चिकटलं.)

तेव्हा सासूबाईंना सांगा, तुमचं ऐकलं, यातलं एकही भांडं ओट्यावर येणार नाही. आणि मग तो कप त्यांच्यापुढे ठेवा, तोटी असलेला, तोंड अर्धं झाकलेला, 'हा कशासाठी ते कुणालाच सांगता येत नाही' असं तुम्ही लिहिलाय तो. तुमच्या वर्णनावरून तो आजाऱ्याला पाजायचा फीडिंग कप आहे. पडल्या पडल्या पेज, दूध, औषध पाजताना सांडू नये म्हणून तोंड झाकलेलं. पण हे मी सांगितलं असं म्हणू नका, त्यांनाच विचारा. सत्तरी ओलांडलेल्या बाईने असा कप कधीतरी कुणाच्या तरी ओठांना लावलेला असू शकतो. सट साईला होता की लोण्याला, दौतीत शाईची पूड कशी कालवायची, हे मोबाइलवर मिळणार नाही. मला तर वाटतं, जाणकाराच्या शोधात तुम्ही गाव पालथं घातलंत आणि जाणकार घरातच रुसून बसलाय.

मेलेल्यांची भांडी हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्यावर एक सहल सुचवते, सासूबाईंनाही न्या. सिव्हिल लाइन्सला अजब बंगला, म्हणजे आपलं १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. तिथे हिंडताना हे आठवा: नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी इथे शिळावर्तुळं आहेत, इसवीसनाच्या आधीच्या शतकांतली दफनं. त्यांत माणसांसोबत भांडी पुरलेली, काळी-तांबडी. ती भांडी भट्टीत पालथी भाजत, त्यामुळे आतल्या बाजूला आणि काठाला हवा न मिळाल्याने काळा रंग, बाहेर लाल. त्या लोकांनी लिहून काही ठेवलं नाही. आपल्याला ते थोडेफार कळतात ते मेलेल्यांच्या या भांड्यांमुळेच. (त्या शिळावर्तुळांकडे गेलात तर खापराचा तुकडाही उचलू नका. जमिनीतून उचलला की तो मुका होतो, आणि गुन्हाही आहे.)

कपबशी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे तसा साधा कधीच नव्हता. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं, टिळक-रानड्यांनाही त्याची झळ लागली. आणि वाड्याच्या मागच्या कोनाड्यात किंवा हॉटेलाच्या खुंटीला काही लोकांसाठी वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी असायची, हे आपल्या दीक्षाभूमीच्या गावात कुणाला सांगायला नको. तुमच्या ढिगातही अशी एखादी असेल. ती सुंदर नसेल, तिला भाव नसेल. मी असते तर ती विकली नसती, वहीत मात्र नीट लिहिली असती.

नवऱ्याबद्दल थोडं कडू बोलते. पावती 'हाती लागली' असं तुम्ही लिहिता, म्हणजे ती हाती लागू नये अशा जागी होती. पगार तुमचा, हौस तुमची, २,८०० रुपयांत घर बुडत नाही. पण तो 'काही बोलत नाही' याचा अर्थ त्याचा विरोध आहे, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. कदाचित त्याला किटलीपेक्षा लपवणं लागलं असेल. महिन्याचा एक आकडा ठरवा, ५०० म्हणा, १,००० म्हणा, आणि तो त्याला सांगून टाका. परवानगी मागू नका, नुसतं सांगा. त्या महिन्यात काही घेतलं नाही तर पैसे साठू द्या, मग कधीतरी किटली उजळ माथ्याने येईल.

मुलाच्या टेबलाखालची खोकी मात्र आजच्या आज हलवा. बारावी आहे, काहून त्याचे पाय आखडून ठेवता! यावर माझं दुसरं मत नाही. पण माळ्यावरही नको. आपल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वरच्या मजल्याचं छत तव्यासारखं तापतं, आणि पूर्वी कुणी डिंकाने, गोंदाने जोडलेले कान त्या उष्णतेत सुटतात. खाली कुलरच्या वाऱ्यासमोरही चिटुकल्या वस्तू नकोत. भिंतीला बिलगून एक अरुंद, काचेची दारं असलेलं कपाट करा, चाळीस-पन्नास नग मावतील एवढंच. बशांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, वर्तमानपत्र नको, शाई लागते. कप कानाने खुंटीला टांगू नका, किटली कानाला धरून उचलू नका, तळहाताचा आधार द्या. कपाट भरलं की नवीन एक आत येताना जुनं एक बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे? अखंड, साधे, पांढरे कप बाल्कनीत पेन ठेवायला, कात्र्या ठेवायला, मैत्रिणींना द्यायला. कान तुटलेल्यात कोरफड छान येते. बरण्या दोन-तीनच ठेवा, त्या जागा खातात. ज्यांना खरंच भाव आहे त्या चार-पाच, त्या व्यापाऱ्याला नाही तर दुसऱ्याला, सुट्या विका, आणि विकताना रडू आलं तर विकू नका. एवढं साधं मोजमाप पुरतं.

आणि जुन्याच्या जोडीला थोडं नवंही बघा. चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे, कुंभारकामाचं शिक्षण देणारा. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची वस्तू-कहाणी सांगतंय. चाकावर माती वर येताना एकदा जवळून बघितली की बशीच्या पाठीवरचे गोल कंगोरे कसे उमटले ते समजतं, आणि समजलं की बोटं आपोआप तिथे जातात.

व्यापाऱ्याला आज एवढंच कळवा, तीन महिन्यांनी बोलू. तो थांबणार नाही म्हणाला तर दुसरा येईल. या रविवारी त्या निळ्या बशीचा सांधा मुलाला दाखवा, त्याला सापडतो का बघा. आणि तोटीच्या कपाबद्दल सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा. माझा अंदाज चुकला असेल तर तेही.